थंडीच्या आधी फुललेली शेवंती

“बाई, तुमच्या फोटोतली शेवंती खरी आहे का?”

विचारलं आणि भिंगरी खाली बसली. बसली म्हणजे, उठताना ठसक्यात मागे सारलेली खुर्ची आता जागेवर नाही हे विसरून बसली आणि काठावर कशीबशी टेकली. एरवी अख्खी खोली खो खो हसली असती. आज कोणी हसलं नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कुंडीकट्ट्याची महिन्याची बैठक भरली होती. कुंडीकट्टा म्हणजे घरच्या घरी फुलझाडं लावणाऱ्या वीसेक माणसांचा फोनवरचा गट. कुणाची गच्ची, कुणाची खिडकी, कुणाचं जेमतेम एक खाट मावेल एवढं अंगण. गटाचे कारभारी औषधवाले काका. दुकानात गोळ्या देता देता त्यांना शिस्तीची सवय जडलेली, म्हणून गटालाही त्यांनी एक नियम घालून दिला होता. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आपल्या बागेचा एक फोटो टाकायचा, पण तो दर वेळी त्याच जागेवर उभं राहून, त्याच झाडाचा. “रोज बघणाऱ्याला ऋतू दिसत नाही,” काका म्हणायचे, “आठवड्याने बघणाऱ्याला दिसतो.” आणि खरंच दिसायचा. या रविवारी नुसतं पान, पुढच्या रविवारी पानाआड काहीतरी गोल, मग कळीचं तोंड उघडतंय, मग फूल, मग कडेने तपकिरी पडत चाललेलं तेच फूल.

यंदा मात्र ऋतूच वाट चुकला होता. थंडीचे दिवस आले तरी पंखे फिरत होते, स्वेटर पेटीतच होते, आणि सगळ्यांच्या शेवंत्या मुगाएवढ्या कळ्या धरून हटून बसल्या होत्या. “माझी शेवंती संपावर गेली आहे,” शिंपीकाकांनी लिहिलं. “माझी तोंडच उघडत नाही, आणि मी दातांची डॉक्टर!” डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. एकट्या पोस्टाच्या बाईंचा वाफा तारखेला फुलला होता. पिवळाधमक. जणू कोणी भिंतीलगत सतरंजीच अंथरली आहे.

त्या पोस्टाच्या बाई आत्ता टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. पोस्टातून निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं होऊन गेली, तरी नाव तेच. समोर पाण्याच्या जगाला टेकवून त्यांचा फोन उभा केला होता आणि फोनमध्ये त्यांच्या थोरल्या बहिणीचा चेहरा होता. बाग मुळात या थोरल्यांची. दोन वर्षांपूर्वी त्यांचं कमरेचं हाड मोडलं आणि मुलगा त्यांना आपल्याकडे, खूप लांबच्या शहरात घेऊन गेला. तेव्हापासून बाग धाकटीच्या हवाली, आणि थोरल्या दर महिन्याला अशा जगाला टेकून बैठकीला हजर.

पोस्टाच्या बाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, परत घातला.

“खरी आहे की,” त्या म्हणाल्या. “चार वर्षांपूर्वीची आहे. पण खरी आहे.”

“काय म्हणाली ती मुलगी?” फोनमधून आवाज आला. “धाकटे, मला नीट ऐकू आलं नाही. चार वर्षांचं काय?”

बाईंनी फोन उचलला. तो बंद कसा करायचा हे त्यांना त्या घटकेला सुचलं नाही बहुतेक, कारण त्यांनी तो तसाच पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि सगळ्यांना, ऑफिसातून निघताना करावा तसा, एक नमस्कार केला. त्या जिना उतरत होत्या तेव्हा पिशवीतून आवाज येतच होता. “धाकटे? अगं, अंधार का झाला? कोणी दिवे घालवले का?” एकेक पायरी तो आवाज खाली गेला, आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळला.

“बघितलंस काय केलंस ते?” शिंपीकाका म्हणाले. रागाने नव्हे. ते वाईट होतं. रागाने म्हणाले असते तर भिंगरीकडे चार उत्तरं तयार होती.

उत्तरं तिच्याकडे हल्ली तयारच असायची. मागच्या वर्षापर्यंत ही पोरगी इतकी मुखदुर्बळ होती, की हजेरी घेताना वर्गाच्या बाई तिच्यापुढे गैरहजेरीची खूण करून मोकळ्या व्हायच्या. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी एकीला ताप आला, कोणीतरी हिला पुढे ढकललं, आणि घंटा वाजली तरी ही थांबेना. दुसरा नंबर आला. तेव्हापासून जीभ जी सुटली ती सुटलीच. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, “अडकलेली लिफ्ट मी सोडवतो, पण ही सुटलेली लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबवायची ते मला कोणी शिकवलं नाही.”

जीभ सुटली म्हणून मैत्रिणी मिळाल्या. मॉनिटर आणि चष्मिस. दोघी शेवटच्या बाकावर बसायच्या, आणि त्या बाकावर तिसरीला जागा होती. यंदा त्यांचा विज्ञानाचा तास तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथल्या खिडकीतून थेट पोस्टाच्या बाईंच्या उंच भिंतीपलीकडचं दिसायचं. भिंगरीने एका दुपारी मोठ्या कौतुकाने फोनवरचा पिवळा वाफा दोघींना दाखवला, आणि मॉनिटरने खिडकीकडे बोट दाखवलं.

“हे घर? भिंतीवालं? अगं, तिथे धूळ पिकते नुसती.”

भिंगरीने बघितलं. पाच लांबट वाफे. रिकामे. कोपऱ्यात वेटोळं घातलेली पाण्याची नळी.

आणि तिला भयंकर राग आला. तिच्या घरी खिडकीत एकच कुंडी होती. गटात नाव आणि नंबर आईचा होता, पण आई रुग्णालयात परिचारिका, तिच्या पाळ्या बदलत्या, म्हणून तो जुना फोन भिंगरीकडेच असायचा. पाणी घालणारी, फोटो काढणारी, गटावर लिहिणारी भिंगरीच, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेंडा कसा खुडायचा, खुडला की दोन फांद्या कशा फुटतात, हे तिला पोस्टाच्या बाईंनीच शिकवलं होतं. दुपारी साडेचारला शाळेतून येऊन ती कुलूप उघडायची, आणि आत कोणी नसायचं. बरोबर त्याच वेळी फोन वाजायचा. ‘पोचलीस का? कुंडीला पाणी, पोटाला काहीतरी.’ दोन वर्षं, एक दिवस चुकला नव्हता. आणि ह्याच बाई तिला लिहायच्या, ‘कळी आली नाही तर धीर धर, थंडी पडू दे,’ आणि रविवारी स्वतःचा पिवळाधमक वाफा टाकायच्या! भिंगरीला वाटत राहिलं होतं की आपल्याच हाताला गुण नाही.

“विचार की मग,” मॉनिटर म्हणाली. “फोनवर नाही हं. सगळ्यांसमोर, तोंडावर.”

“ही? विचारणार?” चष्मिस म्हणाली. “वक्तृत्वात पाठ केलेलं बोलायचं असतं. हे पाठ नाहीये.”

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

सोमवारी शाळेत भिंगरीचा जयजयकार झाला. चष्मिसने दप्तर सरकवून तिला बाकावर तिसरी जागा दिली. मॉनिटरने तिच्याकडून तो प्रसंग तीनदा वदवून घेतला, आणि तिसऱ्या वेळी पिशवीतून येणाऱ्या आवाजाची नक्कल करून दाखवली. “धाकटे, दिवे कोणी घालवले?” सगळा वर्ग लोटपोट. भिंगरीही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपण दातांनी हसतोय, बाकी कशानेच नाही.

साडेचारला तिने कुलूप उघडलं. फोन वाजला नाही.

तिने वाट बघितली. कुंडीला पाणी घातलं. पाव खाल्ला. फ्रिज घरघरला, थांबला, घरघरला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. एखाद्या घरात आवाज नसतो म्हणजे काय, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं, कारण त्या एका टणत्काराने तिला रोज कोणीतरी दारात घ्यायला आल्यासारखं वाटायचं. मंगळवारी फोन वाजला नाही. बुधवारी वाजला, तर तो आईचा होता. “रात्रपाळी वाढलीय गं, भात लावून घेशील?”

गुरुवारी ती शाळेतून घरी गेलीच नाही. सरळ भिंतीवाल्या घराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

बाईंनी दार उघडलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं पत्ता अपुरा असलेल्या पाकिटाकडे बघावं.

“काय आणलंयस? आणखी एक प्रश्न?”

“नाही,” भिंगरी म्हणाली, आणि वक्तृत्वातला दुसरा नंबर तिथेच संपला.

“मग ये आत. उन्हात उभी राहून काय, तुला काय कळ्या यायच्यात?”

घर नीटनेटकं होतं, भीती वाटावी इतकं. भिंतीला खणाखणांचं एक लाकडी कपाट होतं, पोस्टात पत्रं लावतात तसलं. प्रत्येक खणात काही ना काही. सुतळी, चाव्या, औषधांच्या चिठ्ठ्या, बियांच्या रिकाम्या पुड्या. ओट्यावर टपाल तोलायचा जुना काटा होता आणि त्यावर दोन बटाटे. बाईंनी तिला पाणी दिलं आणि मागचं दार उघडलं.

खिडकीतून दिसलं होतं त्यापेक्षा ते जवळून जास्त रिकामं होतं. माती दगडासारखी बसली होती. वाफ्यांच्या कडेला लावलेल्या विटा मात्र अजून एका ओळीत.

“दोन वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “ताई गेली तेव्हा शेवंती ऐन बहरात होती. जाताना मला म्हणाली, पाणी घाल, बाकी काही करू नकोस. मी पाणी घातलं. फुलं संपली. मग पानं वाळली, काड्या वाळल्या. मी आपली पाणी घालतेय. महिना घातलं. म्हटलं, आता गेल्या या. मेलेल्या झाडांना पाणी घालत बसलेली बाई बघितली तर लोक काय म्हणतील? म्हणून एका दिवसात सगळ्या उपटल्या. अठ्ठावीस झाडं. मुळासकट. वाफे कसे साफ केले म्हणतेस! ताई आली असती तर शाबासकी दिली असती, असं वाटलं मला.”

भिंगरीने तोंडावर हात ठेवला. तिला आता कळायचं ते कळलं होतं. फुलं संपली की शेवंती वरून वाळते. काड्या कापायच्या आणि थांबायचं. बुडाशी मातीतून फुटवे येतात, तेच पुढच्या वर्षीचं झाड. मागच्या वर्षी हे तिला कोणी शिकवलं होतं? ह्या बाईंनीच.

“आणि पंधरा दिवसांनी,” बाई म्हणाल्या, “त्या डॉक्टरीणबाईंनी गटावर लिहिलं. ‘शेवंती वाळली म्हणून उपटू नका, मुळाशी जीव असतो.’ पंधरा दिवस आधी लिहायला काय झालं होतं त्यांना? दुसऱ्यांच्या दाढा बऱ्या वेळेवर उपटतात.”

ती थट्टा होती, पण बाई हसल्या नाहीत, म्हणून भिंगरीही हसली नाही.

“मग सांगायचं ना थोरल्यांना.”

“सांगणार होते. रविवार आला. ताईने गटावर विचारलं, माझा वाफा कुठाय? माझ्या फोनमध्ये जुने फोटो होतेच. बाग तिची, पण फोटो पहिल्यापासून माझे. गटावर एकच टाकायचा असतो, मी काढायचे दहा. नऊ उरायचे. त्यातला एक टाकला. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.” बाईंनी पायाने एक ढेकूळ फोडायचा प्रयत्न केला. ते फुटलं नाही. “तारीख बघून लावायचे मी, पत्र बटवड्याला लावल्यासारखे. ज्या तारखेचा, त्या तारखेला. पोस्टात असताना कधी एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही माझा. आता थंडीच तारीख चुकवेल हे मला काय माहीत?”

आणि त्या पिवळ्या वाफ्याखाली थोरल्यांनी काय लिहिलं होतं, ते भिंगरीला आठवलं. ‘पाहा. माझ्या शेवंतीला थंडीची परवानगी लागत नाही.’ त्या किती खूष झाल्या होत्या.

“थोरल्या काय म्हणाल्या?”

“काही नाही. रविवारपासून फोन उचलत नाही. दिवसातून दोनदा करते मी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वाजतो, वाजतो, आणि फोनमधली ती बाई सांगते की उत्तर मिळत नाही.” बाईंनी नळीचं वेटोळं पायाने सरळ केलं. “आठ वर्षांची होते तेव्हा माझ्या हातून तिचं एक भांडं फुटलं होतं. तेव्हाही ती अशीच बोलली नव्हती. पण तेव्हा एका घरात होतो. न बोलता शेजारी तरी झोपायची.”

फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझ्या आईचा नंबर आहे ताईकडे. तुला फोन करेल बघ ती, तिला सगळं खोदून काढायची सवय आहे. केला, तर सांग की कीड पडली. सगळीकडेच पडली होती त्या वर्षी, म्हणावं. उपटल्या म्हणू नकोस. कीड पडली तर ती मला माफ करेल.”

भिंगरी हो म्हणाली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

शुक्रवारी मॉनिटरने नवीन काम काढलं. ग्रंथपालांच्या केसांच्या टोपाबद्दल काहीतरी होतं. त्यांना सगळ्यांदेखत विचारायचं, खाली केस आहेत का म्हणून.

“तू विचार,” भिंगरी म्हणाली.

“मी कशाला? प्रश्न विचारणारी तू.”

“मग ही प्रश्न विचारणारी आता सुट्टीवर आहे.”

मधल्या सुट्टीनंतर, विज्ञानाच्या तासाला, तिसऱ्या जागेवर चष्मिसचं दप्तर येऊन बसलं होतं. दप्तर जागचं हललं नाही, आणि भिंगरीने हलवायला सांगितलंही नाही. ती खिडकीजवळच्या एकट्या बाकावर जाऊन बसली. तिथून रिकामे वाफे दिसत होते. खाली एक बारीकशी आकृती हातात नळी धरून उभी होती, आणि काहीही नसलेल्या मातीला पाणी घालत होती.

त्या दिवशी साडेचारला फोन वाजला. भिंगरीने झडप घातली. नंबर लांबचा होता.

“कोण बोलतंय?” आवाज तोच, पिशवीतला. पण आज तो बंद खोलीतून आल्यासारखा बारीक होता. “परिचारिकाबाई आहेत का? की ती प्रश्न विचारणारी?”

“ती.”

“हं. छान. मग आता मी विचारते. माझी बाग कशी आहे?”

भिंगरीच्या घशाशी ‘कीड’ हा शब्द येऊन बसला. दोन अक्षरं. म्हणून टाकला की संपलं. थोरल्या हळहळल्या असत्या, उद्या फोन उचलला असता, बाईंना माफी मिळाली असती. आणि पुढच्या रविवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून, फोटोऐवजी किडीवर.

“थोरल्या बाई, ते मी नाही सांगणार.”

“म्हणजे? तुला माहीत नाही?”

“माहीत आहे. मी बघून आले. पण ते सांगायचं माझं काम नाही. एकदा भलत्या ठिकाणी विचारलं, आता भलत्याने सांगायला नको. तुम्ही फोन उचला ना त्यांचा. दिवसातून दोनदा करतात.”

“मला ठाऊक आहे ती किती वेळा करते. माझ्याच उशाशी वाजतो. इथे खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. मुलगा-सून कामावर जातात. मी रविवारची वाट बघायचे. मी सगळ्यांना, सुनेच्या मैत्रिणींनासुद्धा, तो वाफा दाखवायचे. सोमवारी त्यातलीच एक हसत होती माझ्याकडे बघून, की मला वाटलं तसं, देव जाणे. आणि ती तिकडे बसून मला जुन्या चित्रांवर खेळवत होती. मी काय लहान मूल आहे?”

“नाही.”

“तिला एकदा म्हणता आलं नाही? ताई, मला जमत नाही गं. एवढंच. मी काय तिला खाल्लं असतं?”

“त्या आठ वर्षांच्या असताना भांडं फुटलं, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी बोलला नव्हता,” भिंगरी म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

फ्रिज घरघरला, थांबला.

“आगाऊ आहेस,” थोरल्या म्हणाल्या.

“हो. सगळेच म्हणतात.”

फोन ठेवला गेला. भिंगरी कितीतरी वेळ तो हातात धरून बसली. तिने चांगलं केलं की पुन्हा एकदा माती केली, हे सांगायला घरात कोणी नव्हतं. आई रुग्णालयात, बाबा कुठल्याशा अकराव्या मजल्यावर. तिने कुंडीकडे बघितलं. कळ्या मुगाएवढ्याच होत्या.

रविवारी सकाळी ती लवकर उठली आणि आईबाबा झोपलेले असतानाच चपला घालून निघाली. त्या पहाटे पहिल्यांदा हवेत गारवा होता.

बाई मागच्या दारातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

“उचलला,” त्या म्हणाल्या. “परवा संध्याकाळी. सांगितलं सगळं. उपटल्या म्हणून सांगितलं. तिने विचारलं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस? मी म्हटलं, हो. तिने ठेवून दिला. काल दिवसभर नाही उचलला. आज सकाळी तिनेच केला. म्हणाली, ‘वाफ्यात ओल आहे का बघ.’ आणि ठेवला. मी काही बोलायच्या आत. एवढंच.”

“मग बघितलंत?”

“बघितलं. वरून ओली, खाली कोरडी ठणठणीत. शुक्रवारपासून पाणी घालतेय, तरी.”

भिंगरीने हात आत खुपसून बघितला. नखं दुखली. मग दोघींनी मिळून खुरपं चालवलं, एक वाफा, अर्धाच. बाईंना वाकवेना, म्हणून त्या विटेवर बसून ढेकळं फोडत होत्या. काम संपलं तेव्हा बाई उठून कडेच्या एका फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. फरशी तिथे गुळगुळीत झाली होती. एवढी वर्षं त्या तिथूनच फोटो काढायच्या.

“काढू?” त्यांनी विचारलं.

“काढा.”

बाईंनी फोन डोळ्यांसमोर धरला, आणि हात खाली केला. “मला नाही जमत. तू काढ.” मग जरा थांबून, जणू त्या शब्दांची चव घेत असल्यासारखं, पुन्हा म्हणाल्या, “मला नाही जमत गं. एकटीने हे बघायलाही नाही जमत.”

भिंगरीने फरशीवर उभं राहून फोटो काढला. दहा नाही, एकच. अर्धा उकरलेला वाफा, विटांची ओळ, भिंत. गटावर टाकायचा का, हे तिने आधी विचारलं. बाईंनी मान हलवली. नको. गटावर जायचं त्यांचं मन नव्हतं. औषधवाले काका दोनदा येऊन गेले होते, पण बाईंनी दार उघडलं नव्हतं. फोटो फक्त थोरल्यांना गेला. दोघी फोनकडे बघत बसल्या. तो पोचला. तो बघितला गेला. उत्तर आलं नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरून वाफ्यापर्यंत आलं, तरी आलं नाही.

“चिडलीये अजून,” बाई म्हणाल्या. “पण बघितला तिने.”

“पुढच्या रविवारी पुन्हा पाठवू.”

“पुढच्या रविवारी काय असणार आहे? हीच माती.”

“आणखी अर्धा वाफा उकरलेला असेल ना. मग आम्ही सगळे फुटवे देऊ तुम्हाला. बहर संपला की.”

“म्हणजे फूल दिसायला एक वर्ष,” बाई म्हणाल्या. त्यांनी हिशोब मनात केला असावा, कारण त्यांचा चेहरा जरा उतरला. “वर्षभर तू कशाला येशील? तुझा रविवार तुझ्या आईबाबांचा.”

हे खरं होतं. आईच्या पाळ्या आणि बाबांच्या लिफ्टा यांतून आठवड्यात एकच सकाळ वाचायची, जेव्हा घरात तीन माणसांचे आवाज एकदम असायचे. त्या सकाळी आई केस मोकळे सोडून फिरायची. बाबा गाणं म्हणायचे, तेही चुकीच्या चालीत. भिंगरीची सहा दिवसांची शांतता त्या चार तासांच्या भरवशावर चालायची.

ती घरी पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. टेबलावर तीन ताटं वाढलेली. बाबांचं खाऊन झालं होतं, तरी ते तिथेच बसले होते. आईने मात्र घास घेतला नव्हता.

“कुठे होतीस?” आईने विचारलं. “फोन घरी ठेवून जातात का? मी शेजारीपाजारी विचारून आले.”

“आणि ही माती कसली?” बाबा म्हणाले. “खड्ड्यात पडलीस की खड्डा घेऊन आलीस?”

भिंगरीने हात धुतले नाहीत. धुवायला गेली असती तर धीर नळावाटे वाहून गेला असता. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली.

“पोस्टाच्या बाईंकडे होते. आणि आई, बाबा, आता दर रविवारी सकाळी मी तिथेच असणार. पुढच्या वर्षीची शेवंती फुलेपर्यंत. त्यांना एकटीने जमत नाही, आणि तसं त्या पहिल्यांदाच कोणालातरी म्हणाल्या. आपल्या तिघांची ही एवढीच एक सकाळ असते, ते मला माहीत आहे. तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, बाकीचे सहा दिवस मीच घरी असते. म्हणून मी विचारत नाहीये. विचारलं तर तुम्ही नको म्हणाल, आणि मला ते लगेच पटेल. म्हणून नुसतं सांगतेय. मी जाणार आहे.”